पाणी कुठवर आलंय, ते घरात सांगा

(नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून एका वाचकाचं पत्र आलंय. नाव देऊ नका, असं त्यांनी कळवलंय. पत्र मोठं आहे, त्यातला गरजेचा भाग देते.)

'ताई, नमस्कार. वय 46. डिप्लोमा मेकॅनिकल. वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले. मी दहा-बारा वर्षं नोकरी केली आणि 2013 मध्ये अंबडला भाड्याच्या गाळ्यात जॉबवर्क, म्हणजे कंपन्यांचं काम बाहेरून करून देणं, सुरू केलं. दोन सीएनसी, एक व्हीएमसी अशा तीन मशिनी, अकरा माणसं. बहुतेक सगळं काम एकाच पार्टीचं. त्यांनी काम दुसरीकडे वळवलं, मागचं पेमेंट अडकवलं आणि माझे हप्ते थकले. मशिनी विकल्या, फ्लॅट विकला. दीड वर्षापूर्वी शटर ओढलं. आता भाड्याच्या घरात राहतो आणि सातपूरला एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. बँकेचं, मेहुण्यांचं आणि टूलवाल्याचं देणं अजून बाकी आहे. अंबड दिसायला नको म्हणून लिंक रोड सोडून शहरातून वळसा घालून कामावर जातो. लग्नकार्याला जात नाही. जुना ऑपरेटर फोन करत असतो, मी उचलत नाही. माझ्याबरोबर शिकलेल्या मित्राचं युनिट लॉकडाऊनमध्ये बंद पडलं होतं, आज त्याच्याकडे तीन मशिनी आहेत. त्याचा गाळा स्वतःचा, बायको झेडपीत शिक्षिका, पण शेवटी जिद्दच ना? मेहुणे सकाळी सकाळी गरुडाचे व्हिडिओ पाठवतात. वडील म्हणतात, नोकरी सोडायला नको होती. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. देण्याचा खरा आकडा मिसेसला माहीत नाही. मुलगी बारावीला आहे. कधी कधी वाटतं, मी नसलो तर विम्याचे पैसे तरी यांच्या कामी येतील. ताई, खंबीर माणूस नेमका कसा असतो? मला परत उभं राहायचंय.'

भाऊ, नमस्कार.

तुमच्या प्रश्नाकडे नंतर येते. आधी विम्याच्या त्या वाक्याबद्दल बोलू.

ते वाक्य तुम्ही जमाखर्च मांडावा तसं लिहिलंय. पण पहाटे तीनला दमलेलं डोकं जे हिशेब मांडतं, ते खरे नसतात. घर आज तुमच्या पगारावर चालतंय. मुलीला बारावीच्या वर्षात बाप हवाय, पॉलिसी नको. हा विचार पुन्हा आला तर एकट्याने त्याच्याशी झगडत बसू नका. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं आणि पहाटे तीनलाही फोन लागतो. नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा. आणि हा विचार मनात येतो, एवढं आजच रात्री मिसेसना सांगा. बाकी काही सांगणं जमलं नाही तरी चालेल, हे सांगा.

दुसरं, डॉक्टर. पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, कशातच मन न लागणं, माणसं टाळणं, आपण कुचकामी आहोत असं दिवसभर वाटणं, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. ओळखीचे दिसतील म्हणून तिथे जायचं नसेल तर खाजगी डॉक्टर गाठा, पण जा. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात. म्हणून चार दिवसांत फरक नाही म्हणत त्या सोडू नका. 'मी वेडा थोडाच आहे' हे वाक्य मला फार पुरुषांच्या पत्रांत भेटतं. डॉक्टरकडे जाण्यासाठी वेडं व्हावं लागत नाही. झोप उडालेली असणं पुरेसं आहे.

आता तुमचा प्रश्न. आणि त्याआधी मेहुण्यांचा गरुड.

तो व्हिडिओ माझ्याकडेही येतो. चाळिशीत गरुड डोंगरावर एकटा जातो, चोच खडकावर आपटून फोडतो, नखं उपटतो, पाच महिने थांबतो, मग नवी चोच येते आणि तो आणखी तीस वर्षं जगतो, अशी ती गोष्ट. त्यातलं काहीही खरं नाही. चोच फुटलेल्या गरुडाला खाता येत नाही, तो उपाशी मरतो. रानातले गरुड सत्तर वर्षं जगतही नाहीत. मेहुणे मनापासून पाठवत असतील, त्यांच्यावर रागावू नका. पण त्या गोष्टीतला निरोप घातक आहे. अडचणीत सापडलेल्याने सगळ्यांपासून लांब जावं, स्वतःला इजा करून घ्यावी, एकट्याने सोसावं आणि मगच चार माणसांत तोंड दाखवावं, असं ती सांगते. गेलं दीड वर्ष तुम्ही हेच करताय, भाऊ. लग्नं टाळली, फोन टाळले, रस्ता टाळला. मी खंबीर नाही म्हणून हे होतंय, असं तुम्हाला वाटतं. मला उलटं दिसतं. एकट्याने सोसणं म्हणजेच खंबीरपणा, असं धरून चालल्यामुळे तुम्ही इतके थकलाय.

संकटातून माणसं कशी सावरतात, याचा एक गाजलेला, दीर्घ अभ्यास हवाईमधल्या काउआई बेटावर झाला. एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1955 मध्ये तिथे जन्मलेल्या 698 मुलांवर ती चाळिशीची होईपर्यंत लक्ष ठेवलं. गरिबी, घरातली भांडणं, दारू, आईबापांचे आजार अशा अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं पुढे नीट, समर्थ माणसं झाली. त्यांच्याकडे काय होतं? स्वभावाचा भाग होताच. पण पुन्हा पुन्हा दिसलं ते हे, की त्यांना निदान एक तरी मोठं माणूस घट्ट धरून होतं. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कुणीही. आणि तुमच्या वयाला लागू पडणारी गोष्ट पुढची आहे. जी मुलं अठराव्या वर्षी भरकटलेली होती, त्यातली कितीतरी तिशी-चाळिशीत मार्गाला लागली. कुणाला शिक्षणाची दुसरी संधी मिळाली, कुणाला टिकाऊ नोकरी, कुणाला समजूतदार जोडीदार, कुणाला आधार देणारा गोतावळा. म्हणजे सावरण्याचं सामान बरंचसं माणसाच्या बाहेर असतं. आपलं काम त्याच्यापर्यंत हात पोचवण्याचं.

तुम्ही नाशिकचेच, म्हणून पुराचं उदाहरण देते. सप्टेंबर 2008 आणि ऑगस्ट 2016, गोदावरीचे हे मोठे पूर तुम्ही पाहिले असणार. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं शहर एकच विचारतं, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं? कमरेला, छातीला, गळ्याला. त्यावरून सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वर चढवायला घेतात. 2008 आणि 2016 मध्ये बाजारात पाणी शिरलं, दुकानांत चिखल झाला, मोठं नुकसान झालं. पाणी ओसरल्यावर मात्र मालक, नोकर, शेजारी सगळेच खराटे आणि बादल्या घेऊन बाहेर पडले. पंचनाम्याला माणसं आली, कुणी चहा आणला, कुणी जेवणाची पाकिटं आणली. तुझंच दुकान का बुडालं, असं त्या दिवशी कुणी कुणाला विचारलं नाही. पाणी सगळ्यांना दिसत होतं.

तुमच्या गाळ्यात शिरलेलं पाणी कुणाला दिसलं नाही. कारखाना बंद पडतो तेव्हा तो एकट्या माणसाचा पडतो. शेजारच्या गाळ्यातली मशीन चालूच असते. भोंगा वाजत नाही, पंचनामा होत नाही, माणूस हळूच शटर ओढून घरी जातो. नुकसान काही दुकानदारांचं तुमच्याहून मोठं असेल, पण त्यांना लाज वाटली नाही आणि तुम्हाला वाटली. पैशाचं नुकसान भरून यायला वेळ लागतो खरा, पण तो रस्ता माहितीचा असतो. लाजेने माणूस घरात बसला की त्या रस्त्यावर पाऊलच पडत नाही. लासलगावला कांद्याचा भाव पडला की शेतकरी चावडीवर बसून मोठ्याने बोलतो, शिव्या घालतो, कारण भाव सगळ्यांचाच पडलेला असतो. जॉबवर्कवाल्याला तेवढीही सोय नाही.

म्हणून माझ्या मते तुमचं पहिलं काम नवीन मशीन घेणं नाही, नवीन जिद्द आणणंही नाही. पाणी कुठवर आलंय ते घरात सांगायचं. मिसेसना खरा आकडा सांगा.

घाबरू नका, एवढं म्हणून मी थांबणार नाही, कारण हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे. सांगायच्या आधी एका कागदावर तीन रकाने पाडा. कुणाचं, किती, व्याज किती. बँक, मेहुणे, टूलवाला, आणि पत्रात लिहायचं राहून गेलेलं जे असेल तेही. राहून गेलेलं काही ना काही असतंच. कागद तयार झाला की रात्री जेवणानंतर मुलगी अभ्यासाला बसल्यावर दोघंच बसा. प्रस्तावना करू नका. 'हे मी तुझ्यापासून लपवलं, कारण मला लाज वाटत होती,' एवढंच म्हणा आणि कागद पुढे करा. त्या रागावतील. रडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. तो राग आकड्याचा कमी आणि लपवल्याचा जास्त असेल. त्या रागावर 'मी तुमच्यासाठीच केलं' असं उत्तर देऊ नका. ऐकून घ्या. फ्लॅट विकताना सही करायला त्या बरोबर होत्याच ना? मग उरलेल्या आकड्यालाही त्या तोंड देतील. माझा अंदाज आहे की आकडा त्यांना अर्धामुर्धा ठाऊक आहे आणि तुम्ही झोपत नाही तेव्हा त्याही जाग्याच असतात. घरातल्या बायकांना हे कळतं.

मुलीला आकडा सांगायची गरज नाही. पण घरात ताण आहे हे तिला दिसतंय. धंद्यात नुकसान झालं, आपण देणं फेडतोय, तुझ्या शिक्षणाचं आम्ही बघू, असं तिच्याशी स्पष्ट बोला. न सांगितलेलं मुलं स्वतःच्या मनाने भरून काढतात, आणि ते नेहमी खऱ्याहून भयंकर असतं.

मग घेणेकरी. टूलवाल्याला तुम्ही स्वतः फोन करा, त्याचा फोन यायची वाट पाहू नका. 'दर महिन्याच्या सात तारखेला अमुक देईन' असं सांगा. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण तारीख चुकवू नका. महिना चुकवून मोठी रक्कम देणाऱ्यापेक्षा हे बाजारात जास्त चालतं, तुम्हाला ठाऊक आहे. मेहुण्यांशीही तसंच बोला. गरुड पाठवण्यामागे एखाद्या वेळी पैशांची आठवणही असेल, उघड बोललात तर दोघंही मोकळे व्हाल. बँकेने एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव दिला तर सही करण्याआधी एक लक्षात ठेवा, तडजोडीत मिटवलेलं खातं सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' म्हणून दिसतं आणि पुढच्या कर्जाला आडवं येतं. पूर्ण फेडता येण्यासारखं असेल तर हप्ते वाढवून घेणं बरं. ठरवा ते लेखी घ्या.

आणि तुमचं अडकलेलं पेमेंट. त्याबद्दल पत्रात एकच वाक्य आहे, जणू ते पैसे गेलेच. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, ती अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे जाते. माल दिला तेव्हा तुमची लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी (उद्योग आधार किंवा उद्यम) होती का, चलनं आणि बिलं कुठे आहेत, ते शोधा आणि या कामातल्या वकिलाला लवकर भेटा, कारण थकबाकी जितकी जुनी तितकं काम अवघड. पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही. पण तुम्ही सगळा दोष स्वतःकडे घेऊन बसलाय. माल वेळेवर दिला आणि पैसे आले नाहीत, यात दोष कुणाचा, हे एकदा अर्जावर लिहून तर बघा. एकाच पार्टीवर अवलंबून राहिलात ती तुमची चूक. पैसे बुडवणं ही त्यांची. दोन्हींची खाती वेगळी ठेवा.

त्या मित्राबद्दल. पत्रात तुम्हीच लिहिलंय की गाळा त्याचा स्वतःचा आणि बायकोचा पगार चालू होता. पुढच्याच शब्दांत 'पण शेवटी जिद्दच ना?' असं म्हणून ते पुसूनही टाकलंय. पुसू नका. गाळ्याचं भाडं नसणं आणि दर महिन्याला घरात पगार येणं, यावर माणूस वर्ष-दीड वर्ष दम धरू शकतो. तुम्ही भाडं, हप्ते आणि अकरा जणांचे पगार एकट्याच्या खिशातून काढत होतात. त्याच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. तुलना करायचीच असेल तर पूर्ण करा, एवढंच.

पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तुमच्या घराजवळच. दादासाहेब फाळक्यांना आपण सिनेमाचे जनक म्हणून ओळखतो, पण त्यांचं आधीचं आयुष्य तुम्ही वाचावं असं वाटतं. 1870 चा त्र्यंबकेश्वरचा जन्म. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं, तो धंदा चालला नाही. मग छपाईचा व्यवसाय, तिथे भागीदारांशी बिनसलं आणि हातातला चालता व्यवसाय सोडावा लागला.  त्यानंतर ते छपाईकडे परत गेले नाहीत, वेगळ्याच कामाकडे वळले, तेही चाळिशीत. त्या धडपडीत काही काळ दृष्टीही गेली होती. आणि एकटे नाही. विमा पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्म धुण्यापासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत कामं केली. विम्याचा कागद त्या घरातही होता. तो गहाण पडला आणि माणूस कामाला लागला. पुढे बोलपट आले, फाळके मागे पडले आणि 1944 मध्ये नाशिकमध्येच फारशा गाजावाजाशिवाय गेले. शेवट असा झाला म्हणून आधीचं सावरणं खोटं ठरत नाही. सावरणं एकदा करून संपत नाही, आणि पहिल्या जागी परत जाणं ही त्याची अटही नाही. हे तुम्हाला सांगायचं कारण असं, की 'परत उभं राहणं' म्हणजे पुन्हा तीन मशिनींचं मालक होणं, असं तुम्ही मनात पक्कं केलेलं दिसतं. तोवर सातपूरची नोकरी तुमच्या लेखी शिक्षा राहते. ती शिक्षा नाही. शटर ओढल्यावर तुम्ही दुसऱ्याच्या शॉपफ्लोअरवर उभे राहिलात, घर चालवलंत, देणं फेडायला घेतलंत. मालक राहिलेल्या माणसाला हे किती जड जातं, मला कल्पना आहे. यालाच मी उभं राहणं म्हणते.

वडिलांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. प्रेसच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला पगार आणि पेन्शन हीच सुरक्षितता वाटणार. ते चुकीचे नाहीत आणि तुम्हीही नव्हतात. बाहेरच्यांच्या प्रश्नांना एक उत्तर ठरवून ठेवा, 'गाळा बंद केला, सातपूरला आहे,' बस. पहिल्या लग्नात हे वाक्य म्हणताना घसा कोरडा पडेल. तिसऱ्या लग्नात कुणी विचारणारही नाही. मिसेसबरोबर जा, पूर्ण वेळ थांबायचं बंधन नको, जेवून निघा.

जुन्या ऑपरेटरचा फोन उचला. पगार राहिलाय म्हणून फोन करतोय अशी भीती असेल तर तेही त्या कागदावर लिहा आणि त्याचे पैसे सगळ्यांच्या आधी द्या. पण बंद पडलेल्या गाळ्याच्या मालकाला दीड वर्षं फोन करणारा माणूस फक्त पैशांसाठी करत नसतो. तुमच्याकडे तो काम शिकला असेल. एखाद्या सुट्टीला त्याला चहाला बोलवा, अंबडच्याच टपरीवर. लिंक रोडने जा. पहिल्यांदा छातीत धडधडेल. टाळत गेलात तर ती धडधड वाढत जाते, जात राहिलात तर उतरते. ज्या रात्री झोप लागली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र जाऊ नका.

झोपेबद्दल दोन गोष्टी. संध्याकाळनंतर चहा नको. आणि दारू घेऊन झोप लागते असं वाटत असेल तर ती पहाटे तीनलाच उतरते आणि जाग आणते. पत्रात याचा उल्लेख नाही, तरी लिहून ठेवते.

धंदा पुन्हा करायचा का? आत्ता ठरवू नका. मुलीची बारावी होऊ द्या, औषधपाणी होऊ द्या, कागदावरचा टूलवाल्याचा आकडा शून्यावर येऊ द्या. मग इच्छा उरली असेल तर करा, फक्त काही गोष्टी आधीच मिसेससमोर बसून ठरवा. पुढे घर घेतलंत तर ते तारण ठेवायचं नाही. एका पार्टीचं काम एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ द्यायचं नाही. उद्यम नोंदणीचा नंबर प्रत्येक बिलावर छापायचा आणि पंचेचाळीस दिवस उलटले की माल थांबवायचा, पार्टी कितीही मोठी असली तरी. आणि हिशेबाची वही दर महिन्याला दोघांनी बघायची. इच्छा उरली नाही तर सातपूरला पगार वाढवून मागा. सीएनसी, व्हीएमसी आणि माणसं, तिन्ही सांभाळलेला सुपरवायझर स्वस्तात मिळत नाही, तुमच्या मालकांना ते कळतंच.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की मला दोन ओळी लिहा. छापायला नको, मला कळावं म्हणून.

तुमची,
ताई